जर्मन भाषेच्या वर्गातील पाठप्रकार : एक ऐतिहासिक आलोचन

परभाषेच्या अध्यापनाचा इतिहास बहुधा पद्धतींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. व्याकरण-भाषांतर पद्धती, प्रत्यक्ष पद्धती, श्रवण-भाषण पद्धती, संवादलक्ष्यी पद्धती अशी नावे एकामागून एक येतात, आणि प्रत्येक नव्या पद्धतीने जुनीला कायमचे हटविले असे वाचकास वाटू लागते. वर्गाच्या आत डोकावून पाहिले म्हणजे हे चित्र बरेच बदलते. तेथे विद्यार्थ्यापुढे असतो एखादा पाठ, प्रश्नोत्तरांचा एखादा क्रम, भिंतीवरचे एखादे चित्र किंवा दोघांनी मिळून वठवावयाचा एखादा प्रसंग. विद्यार्थ्याकडून नेमके काय करवून घेतले गेले, ह्याचा शोध घेतला तर दोन गोष्टी हाती लागतात. शिकणारा कोण आहे अशी शिक्षकाची समजूत होती, ही एक. आणि त्या भाषेचा देश विद्यार्थ्याला कोणत्या रूपात दाखवावयाचा होता, ही दुसरी. जर्मन भाषेच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न विसाव्या शतकात फार नाजूक ठरला.

हा शोध मोकळा सोडला तर तो पसरट होईल. म्हणून जर्मन व्याकरणातील एक लहानसे प्रकरण सोबत ठेवणे सोयीचे आहे. जर्मन भाषेत नऊ संबंधदर्शक अव्यये अशी आहेत की त्यांच्यापुढील नाम कधी चतुर्थीत येते, तर कधी द्वितीयेत. ‘पुस्तक टेबलावर आहे’ ह्या अर्थाचे वाक्य ‘दास बूख लीग्ट आउफ डेम टिश’ असे होते. ‘मी पुस्तक टेबलावर ठेवतो’ हे ‘इख लेगे दास बूख आउफ डेन टिश’ असे. स्थिती असेल तेथे ‘डेम’, गंतव्य असेल तेथे ‘डेन’. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘टेबलावर’ एवढे म्हटले की काम भागते. इंग्रजी शिकून आलेल्या विद्यार्थ्यासही हा भेद अपरिचितच असतो. प्रत्येक काळातील शिक्षकाला ह्या अडचणीशी सामना करावा लागला आहे, आणि तो त्याने कसा केला ह्यावरून त्या काळाची परीक्षा होऊ शकते.

१

जर्मन ही परभाषा म्हणून शिकविण्याचा सर्वांत जुना तपशीलवार पुरावा विद्यापीठातून आलेला नाही, तो बाजारातून आलेला आहे. व्हेनिस येथे रिआल्तो पुलाजवळ जर्मन व्यापाऱ्यांची वखार होती. आल्प्स ओलांडून आलेल्या व्यापाऱ्यांनी तेथेच उतरावे व तेथेच व्यवहार करावा असा नगरराज्याचा दंडक होता. ह्या वखारीच्या परिसरात न्यूरेंबर्गचा गेऑर्ग नावाचा एक पंतोजी इटालियन व्यापाऱ्यांच्या मुलांना जर्मन शिकवीत असे. त्याच्या शिकवणुकीचे १४२४ सालचे हस्तलिखित उपलब्ध आहे. त्यात आरंभी विषयवार शब्दसंग्रह आहे, क्रियापदांची रूपे आहेत आणि शेवटी संवाद आहेत. व्यापाऱ्याचा मुलगा दुकानात आहे, जर्मनीहून गिऱ्हाईक आले आहे, कापड दाखविले जाते, भाव सांगितला जातो, गिऱ्हाईक नाक मुरडते, घासाघीस होते. मध्येच गिऱ्हाईक मुलाची जर्मन ऐकून त्याच्या गुरूचे नाव विचारते व मुलगा ते सांगतो. पंतोजींनी आपली जाहिरात पाठातच उरकून घेतली आहे, हे मार्मिक वाचकाच्या ध्यानात येईलच.

ह्या संवादांतील जर्मन ग्रांथिक नाही. ती दक्षिणेकडील बव्हेरियन बोली आहे, कारण गिऱ्हाइके तीच बोलत. ‘जर्मन संस्कृती’ नावाची काही वेगळी वस्तू येथे शिकवावयाची नाही. कापडाची पारख, पैशांचा हिशोब आणि परक्या माणसाशी आदराने पण सावधपणे बोलण्याची रीत, एवढी संस्कृती त्या मुलाला पुरे होती. प्रसंग वठवून भाषा शिकविण्याची क्लृप्ती विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात फार नवी म्हणून पुढे आली. तिचे हे मूळ साडेपाचशे वर्षे मागे जाते.

२

व्हेनिसच्या दुकानातून भाषा शाळेच्या वर्गात आली तेव्हा तिच्यावर लॅटिनची सावली पडली. लॅटिन कोणी बोलत नव्हते. ती वाचावयाची व लिहावयाची भाषा होती. तिच्या अध्यापनाचा साचा आधुनिक भाषांना लावला गेला. नियम सांगावा, शब्द पाठ करून घ्यावेत आणि त्या नियमासाठी मुद्दाम रचलेली सुटी वाक्ये दोन्ही दिशांनी भाषांतरित करून घ्यावीत, असा हा पाठ. योहान व्हालेंटिन माइडिंगर ह्याचे १७८३ सालचे फ्रेंच व्याकरण हा ह्या साच्याचा गाजलेला नमुना. जर्मन भाषेपुरते पाहिल्यास पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या हाइन्रिख गॉटफ्रीड ओलेनडॉर्फचे नाव घ्यावे लागते. सहा महिन्यांत भाषा शिकविण्याचे आश्वासन देणारे त्याचे पुस्तक १८३५ मध्ये फ्रेंच लोकांसाठी निघाले, आणि त्यात शिकवावयाची भाषा जर्मन होती. ओलेनडॉर्फची युक्ती अशी की प्रश्नातच उत्तराचा बहुतेक ऐवज असावा. अमक्याची टोपी तुमच्यापाशी आहे काय, तर नाही, तमक्याची आहे, अशा धर्तीची शेकडो प्रश्नोत्तरे विद्यार्थ्याने करीत जावयाची. टोप्या, सुऱ्या, मेणबत्त्या आणि शेजाऱ्यांचे घोडे ह्यांची ही अदलाबदल पुढे चेष्टेचा विषय झाली. तरीही विद्यार्थ्याने पहिल्या धड्यापासून तोंड उघडावे, हा त्याचा हेतू मोलाचा होता.

‘टेबलावर’चा प्रश्न ह्या वर्गात कोष्टकाने सुटे. जर्मनमधील निश्चित उपपदाचे कोष्टक सोळा घरांचे असते व त्या सोळा घरांत केवळ सहा निरनिराळी रूपे वाटलेली असतात. एकच रूप अनेक घरांत आढळत असल्यामुळे कोष्टक पाठ असूनही वाक्य करताना मनुष्य अडखळतो. मार्क ट्वेनने हाइडेलबर्गच्या मुक्कामानंतर १८८० साली जर्मन भाषेची जी थट्टा प्रसिद्ध केली, तिच्यातील बराचसा रोष वस्तुतः भाषेपेक्षा ह्या कोष्टकांवर आहे.

तथापि ह्या पाठप्रकारास सरसकट हिणविणे न्याय्य होणार नाही. ज्याला जर्मन बोलावयाची नसून वाचावयाची होती त्याची त्याने उत्तम सोय केली. महाराष्ट्रातील विद्वानांचा जर्मनशी जो पहिला गंभीर संबंध आला तो असाच वाचनाचा होता. मार्टिन हौग, गेऑर्ग ब्यूलर आणि फ्रान्झ कीलहॉर्न हे जर्मन पंडित एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांत अध्यापक होते. पण ते येथे शिकवीत ते संस्कृत, आणि तेही इंग्रजीतून. जर्मनची निकड निराळ्या वाटेने उत्पन्न झाली. ब्योटलिंक व रोट ह्यांचा सेंट पीटर्सबर्ग येथे १८५५ ते १८७५ ह्या काळात प्रसिद्ध झालेला महाकोश संस्कृत शब्दांचे अर्थ जर्मनमध्ये देतो. संस्कृतच्या अभ्यासकास संस्कृत शब्दाचा अर्थ पाहण्यासाठी जर्मन लागावी, हा योग विलक्षण खराच. पुढे वि. सी. सुखठणकरांनी बर्लिन येथे ल्यूडर्सच्या मार्गदर्शनाखाली शाकटायनाच्या व्याकरणावरील प्रबंध जर्मन भाषेत लिहिला आणि त्या देशातील ग्रंथसंशोधनाची शिस्त महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामी आणली. अशा वाचकांना विभक्तीचे कोष्टक नवे नव्हते. ‘रामः रामौ रामाः’ घोकून आलेल्यांना चार विभक्ती जड वाटण्याचे कारण नाही. रा. गो. भांडारकरांची ‘मार्गोपदेशिका’ ज्यांनी हाताळली होती त्यांना नियम, शब्दसूची आणि दोन्ही दिशांची भाषांतरे हा क्रमही परिचयाचाच होता. मराठी मुलखात व्याकरण-भाषांतराचा पाठ फार काळ टिकला ह्याचे कारण केवळ शिक्षकांचा आळस असे मानणे चूक आहे. त्या पाठामागे एक सबळ प्रयोजन होते. मात्र प्रयोजन बदलल्यावरही पाठ तसाच राहिला, ही गोष्ट वेगळी.

३

ह्या पाठाचे अपयश सर्वांत प्रांजळपणे कोणी सांगितले असेल तर ते फ्रांस्वा गुअँ ह्या फ्रेंच लॅटिनशिक्षकाने. जर्मन शिकावी म्हणून तो हांबुर्ग येथे जाऊन राहिला. १८८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने आपली कहाणी दिली आहे. प्रथम त्याने व्याकरण आणि २४८ अनियमित क्रियापदे पाठ केली व मोठ्या आशेने तो व्याख्यान ऐकावयास गेला. एक शब्द कळेना. मग धातू पाठ केले, ओलेनडॉर्फ पालथा घातला, अखेर तीस हजार शब्दांचा कोश महिन्याभरात मुखोद्गत केला. तरीही कानावर पडणारी जर्मन त्याला अनोळखीच राहिली. सुटीत घरी परतला तेव्हा त्याचा तीन वर्षांचा भाचा दरम्यान बोलावयास शिकला होता. पिठाची गिरणी पाहून आलेले ते मूल खेळात गिरणीचे सारे काम क्रमाने करून दाखवीत होते आणि तोंडाने प्रत्येक क्रिया बोलत होते. पोते भरले, पाठीवर घेतले, नेले, ओतले, चाक फिरले. गुअँला सापडले ते हे : मनुष्य भाषा क्रियांच्या साखळीतून शिकतो, आणि तिचा कणा क्रियापद हा आहे.

त्याने ह्यावरून क्रियामालांचा पाठ बसविला. दार उघडणे ही एक गोष्ट. पण तिच्यात दाराकडे जाणे, जवळ पोहोचणे, थांबणे, हात लांबविणे, मूठ धरणे, फिरविणे, ओढणे अशा पायऱ्या असतात. विद्यार्थी त्या करतो आणि बोलतो. जर्मनच्या दृष्टीने ह्या पाठात एक गुण आहे. गंतव्य दाखविणारी द्वितीया हालचालीबरोबर येते आणि हालचाल संपली की स्थितीची चतुर्थी येते. विद्यार्थी दाराकडे जातो तेव्हा एक रूप, दारापाशी उभा राहतो तेव्हा दुसरे. कोष्टकाच्या घरांत जो भेद निर्जीव पडून होता त्याला येथे पाय फुटले. क्रियामालेचा दोषही उघड आहे. दार उघडण्याविषयी अर्धा तास बोलणारा मनुष्य जगात कोठेही भेटत नाही.

ह्याच सुमारास खुद्द जर्मनीत शाळांतील परभाषांच्या शिक्षणाविरुद्ध बंड झाले. व्हिल्हेल्म फिएटोरने १८८२ मध्ये ‘भाषाशिक्षणाने आता मागे वळले पाहिजे’ अशा अर्थाच्या मथळ्याची पुस्तिका सिसरोच्या एका भाषणातून उचललेले टोपणनाव घेऊन प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांवरील अभ्यासाच्या ओझ्याची तेव्हा तेथे मोठी चर्चा चालू होती, तिचा धागा त्याने पकडला होता. आधी ध्वनी, मग अक्षर; आधी सलग उतारा, मग नियम; सुट्या वाक्यांना रजा, ही त्याची सूत्रे. नवोदित ध्वनिशास्त्राचे बळ त्यामागे उभे होते. १८८६ साली पॅरिसमध्ये भाषाशिक्षकांची जी ध्वनिविषयक संस्था स्थापन झाली, तिच्यातूनच पुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी आली. भाषाशास्त्राने वर्गाला दिलेल्या देणग्यांत ही सर्वांत निरुपद्रवी म्हणावी लागेल; पुढच्या देणग्यांविषयी तसे म्हणवत नाही.

मूळचा व्युर्टेंबर्गचा माक्सिमिलियन बेर्लिट्स ह्याने १८७८ मध्ये अमेरिकेत काढलेल्या शाळेने मातृभाषेला वर्गाबाहेर ठेवले. शिक्षक पुस्तक उचलतो, टेबलावर ठेवतो, खाली ठेवतो, आणि प्रत्येक वेळी विचारतो व सांगतो. युरोपातील शाळांत व्हिएन्नाच्या एडुआर्ड ह्योल्त्सेल ह्या प्रकाशकाची भिंतीवरची मोठी चित्रे आली. चार ऋतूंची ही चित्रे भाषेच्या वर्गात फार लोकप्रिय झाली. हिवाळ्याच्या चित्रात बर्फ, घसरगाड्या, चुलीशी बसलेली माणसे. उन्हाळ्याच्या चित्रात कापणी. छतावर काय आहे, झाडाखाली कोण आहे, असे विचारीत स्थितीदर्शक चतुर्थी सहज घोटून घेता येई. ह्या चित्रांबरोबर मध्य युरोपातील खेडे, त्याचे ऋतू, त्याची घरे हे सारे शब्दांच्या आडून वर्गात शिरले. आषाढात पेरणी पाहिलेल्या मुलासमोर ते चित्र टांगले असता त्याने कोणती भाषा शिकावी आणि कोणते हवामान, हा प्रश्न त्या चित्रकाराच्या स्वप्नातही नसावा.

४

चित्रातील संस्कृती मुकी होती. पहिल्या महायुद्धानंतर ती बोलू लागली. १९२५ च्या सुमारास प्रशियाच्या शाळांसाठी हान्स रिखर्ट ह्याच्या पुढाकाराने जी मार्गदर्शक तत्त्वे झाली, त्यांनी ‘संस्कृतिविद्या’ हा सर्व भाषाविषयांचा गाभा ठरविला. परक्या राष्ट्राचा स्वभाव ओळखावा आणि त्याच्याशी ताडून आपला जर्मन स्वभाव जाणावा, असा हा विचार. वरवर पाहता त्यात गैर काही दिसत नाही. पण राष्ट्राला एकच ‘स्वभाव’ असतो असे गृहीत धरले की उतारे निवडण्याची दृष्टी बदलते. जे त्या स्वभावात बसत नाही ते पुस्तकातून गळते. पुढील राजवटीने हे गळण्याचे काम हुकमाने केले.

परदेशी जर्मन शिकविणाऱ्या संस्थांचा इतिहास ह्या संदर्भात लक्षात घ्यावा लागतो. म्युनिक येथे १९२५ मध्ये ‘डॉइच अकाडेमी’ स्थापन झाली. तिच्या अंगाने १९३२ मध्ये, गोएथेच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, परदेशी जर्मन-शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी एक संस्था निघाली व तिला त्या कवीचे नाव दिले गेले. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. युद्धकाळात ही अकादमी प्रचारमंत्रालयाच्या कक्षेत गेली आणि १९४५ मध्ये अमेरिकन अधिकाऱ्यांनी ती विसर्जित केली. व्याकरणाचे धडे ह्या काळातही व्याकरणाचेच होते; चतुर्थी व द्वितीयेचा भेद कोणत्याही राजवटीत तोच राहतो. बदलली ती उदाहरणे. भाषा उदाहरणांतूनच मनात शिरते. ड्रेस्डेनचे ज्यू प्राध्यापक व्हिक्टर क्लेंपरर ह्यांनी त्या राजवटीच्या भाषेची रोजच्या रोज टिपणे ठेवून १९४७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. नित्याचे शब्द वारंवार वापरून विषाच्या लहान लहान मात्रांप्रमाणे कसे काम करतात, हे त्यांनी दाखविले. पाठ्यपुस्तकातील वाक्य निरर्थक असले तर बिघडत नाही, ही शिक्षकांमध्ये रूढ असलेली समजूत ह्या ग्रंथाच्या वाचनानंतर टिकणे कठीण आहे.

५

युद्धाने आणखी एका पाठप्रकाराला जन्म दिला, तो अटलांटिकच्या पलीकडे. अमेरिकन सैन्याला अल्पावधीत अनेक भाषा बोलणारी माणसे हवी होती. लेनर्ड ब्लूमफील्डने १९४२ मध्ये परभाषा कशा शिकाव्यात ह्याची मार्गदर्शिका लिहिली. हा भाषाशास्त्रज्ञ १९१३-१४ मध्ये लाइप्झिग व ग्योटिंगेन येथे शिकून आला होता, त्याने १९२३ मध्ये जर्मनचे प्राथमिक पुस्तकही लिहिले होते आणि पाणिनीविषयी त्याला अपार आदर होता. ह्या विचारातून घडलेल्या पुस्तकांपैकी मोल्टन दांपत्याचे बोलभाषेतील जर्मनचे पुस्तक १९४४ चे. स्थानिक भाषकाचे बोलणे ऐकावे, त्याचे अनुकरण करावे आणि वाक्याचा साचा इतका घोटावा की विचार न करता तो बाहेर पडावा, अशी ही कवाईत. सैनिकांच्या वर्गात ती यशस्वी झाली ह्याचे श्रेय पद्धतीइतकेच लहान वर्गांना, दिवसातील अनेक तासांना आणि शिकण्याच्या निकडीला जाते. ते तिन्ही नसलेल्या महाविद्यालयांत ध्वनिफिती व भाषाप्रयोगशाळा आल्या तेव्हा उरली ती नुसती कवाईत. ‘टेबलावर, खुर्चीवर, कपाटावर’ असे शब्द बदलीत विद्यार्थी पन्नास वाक्ये अचूक म्हणे आणि एक्कावन्नाव्या वेळी, स्वतःचे काही सांगावयाचे झाले की, ‘डेम’ व ‘डेन’ यांत पुन्हा घोटाळे.

जर्मनीत १९५१ मध्ये गोएथेच्या नावाची संस्था नव्याने स्थापन झाली. तिच्या अभ्यासक्रमांशी संबंधित असलेल्या डोरा शुल्त्स व हाइन्त्स ग्रीसबाख ह्यांचे परकीयांसाठीचे पाठ्यपुस्तक १९५५ मध्ये आले आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे जगभर चालले; भारतातील, म्हणजेच मॅक्स म्युलर भवनांतील, कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या. संपूर्ण जर्मन, व्याकरणाच्या पायऱ्यांनी चढत जाणारे, नीटनेटके असे हे पुस्तक. त्यातील जर्मनी सभ्य, शांत आणि काहीशी निःशब्द आहे. दहा वर्षांपूर्वी तेथे काय घडले होते ह्याची चाहूल लागत नाही. ह्या मौनाला भित्रेपणा म्हणावे की संकोच, ह्याविषयी मतभेद होऊ शकेल. प्रचाराच्या पाठ्यपुस्तकांनंतर असे मौन समजण्यासारखे आहे, पण त्याने विद्यार्थ्याला अर्धाच देश दाखविला, हे नाकारता येत नाही. तिकडे पूर्व जर्मनीत लाइप्झिगच्या हेर्डर इन्स्टिट्यूटमध्ये आशिया-आफ्रिकेतील विद्यार्थ्यांना विद्यापीठीय शिक्षणासाठी जर्मन शिकविली जात होती आणि १९६४ पासून तेथून ह्या विषयाचे नियतकालिक निघू लागले. भाषा एक, देश दोन, आणि दोन्हीकडच्या वर्गांत दुसरा देश सोयीस्कर रीतीने अदृश्य.

६

शिकणारा बदलला तेव्हा पाठ बदलला. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी, १९६० मध्ये स्पेन व ग्रीसशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगारभरतीचे करार केले. आता जर्मन शिकणारा मनुष्य कारखान्यात काम करणारा, खोली भाड्याने घेणारा, दवाखान्यात रांगेत उभा राहणारा होता. त्याला शेजाऱ्याच्या टोपीविषयी काही सांगावयाचे नव्हते. हान्स-एबरहार्ड पीफो ह्याने १९७४ मध्ये संवादक्षमता हेच परभाषाशिक्षणाचे सर्वोच्च ध्येय असल्याचे प्रतिपादन केले, आणि त्यात हाबरमासच्या विचाराचा अंश होता. नुसते बोलता येणे पुरेसे नाही. आपली बाजू मांडता आली पाहिजे, नाही म्हणता आले पाहिजे. १९७९ मध्ये ‘डॉइच आक्टिव्ह’ हे पुस्तक निघाले. नॉयनर, क्र्यूगर व ग्रेवर ह्यांनी १९८१ मध्ये वर्गातील अभ्यासप्रकारांचे जे वर्गीकरण केले ते शिक्षकांच्या हाती आलेले फार उपयुक्त साधन होय. समजून घेण्यापासून स्वतःचे मत मांडण्यापर्यंत अभ्यास पायरीपायरीने कसा मोकळा करीत न्यावा, हे त्यात दाखविले आहे.

‘टेबलावर’चा पाठ आता असा होतो. दोन विद्यार्थी पाठमोरे बसतात. एकाजवळ सामान लावलेल्या खोलीचे चित्र, दुसऱ्याजवळ मोकळ्या खोलीचे. पहिल्याने सांगावे, दुसऱ्याने सामान मांडावे, आणि मध्ये विचारीत राहावे. येथे विभक्ती चुकली की खुर्ची भलतीकडे जाते असे मात्र नाही, आणि हीच ह्या पाठाची मर्यादा आहे. प्रत्यय चुकला तरी अर्थ कळतो, काम होते. म्हणून ह्या वर्गांतून बाहेर पडलेले विद्यार्थी धीटपणे बोलतात आणि उपपदे गिळतात.

संस्कृतीच्या बाजूने अधिक धाडसी प्रयोग १९८७ च्या ‘श्प्राखब्र्यूके’ ह्या पुस्तकात झाला. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांचा विचार करून त्यात ‘लीलालांड’ नावाचा एक काल्पनिक देश घातला आहे. तेथील माणसे व जर्मन माणसे भेटतात, एकमेकांच्या चालीरीतींनी गोंधळतात, विचारतात. विद्यार्थी आपोआप तिसरा साक्षीदार होतो आणि आमच्याकडे हे कसे असते, हे जर्मनमध्ये सांगू लागतो. येथे प्रथमच शिकणाऱ्याचा देश वर्गात अधिकृतपणे आला. १९९० मध्ये ऑस्ट्रिया, संघराज्य जर्मनी, स्वित्झर्लंड आणि पूर्व जर्मनी ह्या चार देशांतील तज्ज्ञांनी मिळून बावीस सूत्रे मांडली व जर्मन ही एकाच राष्ट्राची मिरास नाही असे बजावले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या चारांपैकी एक देश नकाशावरून नाहीसा झाला.

७

मराठी विद्यार्थ्याच्या वाट्याला आलेली ही सर्व साधने दुसऱ्या कोणासाठी तरी घडविलेली होती; व्हेनिसच्या व्यापाऱ्यासाठी, पॅरिसच्या गृहस्थासाठी, अमेरिकन सैनिकासाठी, तुर्की कामगारासाठी. त्याच्या स्वतःच्या भाषेत काय आहे ह्याची दखल त्यांपैकी कोणी घेतली नाही, कारण घेण्याचे कारण नव्हते. आता ती घेणे अगत्याचे झाले आहे. २००७ पासून जर्मनीत जोडीदाराकडे राहावयास जाणाऱ्या बहुतेक परदेशीयांना प्राथमिक पातळीची परीक्षा आधी उत्तीर्ण व्हावी लागते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला. ज्यांना महाकोश वाचावयाचा नाही, रुग्णाच्या उशाशी किंवा यंत्रापाशी उभे राहून बोलावयाचे आहे, अशी मुले वर्गात येत आहेत. एका विभक्तीवर त्यांचे पोट अवलंबून नसले तरी परीक्षेचे गुण अवलंबून आहेत.

जर्मन शिक्षक ‘वो’ आणि ‘वोहिन’ हे दोन प्रश्न विचारून चतुर्थी व द्वितीया वेगळ्या करतो. मराठीत दोहोंना ‘कुठे’ हा एकच शब्द आहे; ‘शाळेत आहे’ आणि ‘शाळेत जातो’ यांत प्रत्ययही तोच. त्यामुळे प्रश्नाची किल्ली विद्यार्थ्याच्या हाती देऊन भागत नाही. किल्लीच त्याला दिसत नाही. मात्र मराठीजवळ दुसरी किल्ली आहे. जर्मनमध्ये ‘झिट्सेन’ म्हणजे बसणे व ‘झेट्सेन’ म्हणजे बसविणे. ‘लीगेन’ म्हणजे आडवे असणे, पडून असणे व ‘लेगेन’ म्हणजे आडवे ठेवणे. मूळ आणि प्रयोजक अशी ही जोडी आहे, आणि बसणे-बसविणे, निजणे-निजविणे ह्या जोड्या मराठी मुलाच्या तोंडी लहानपणापासून असतात. मूल खुर्चीत बसले आहे, तेव्हा चतुर्थी. आईने मुलाला खुर्चीत बसविले, तेव्हा द्वितीया. क्रियापदाच्या ह्या जोडीवरून विभक्तीकडे गेले तर ‘कुठे’च्या अडचणीला वळसा घालता येतो. गुअँने क्रियापद हा कणा मानला होता, त्याची येथे आठवण व्हावी.

लिंगाविषयीही असेच. तीन लिंगे असतात हे इंग्रजी विद्यार्थ्याला समजावून द्यावे लागते, मराठी विद्यार्थ्याला नाही. अडते ते जुळणीत. चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी. पण सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी. ‘ती सूर्य’ असे मनात आले की पहिल्यांदा हसू येते, आणि ते हसू आल्यावर रूप विसरत नाही. शिक्षकांनी ह्या हसण्याचा उपयोग केला पाहिजे.

संस्कृतीचा पाठ तर सर्वनामातच आहे. जर्मन मूल आईला, वडिलांना, आजोबांना सारख्याच ‘डू’ने हाक मारते, बँकेतील परक्या तरुणाला मात्र ‘झी’. मराठी घरांत आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ ही वाटणी अजून पुष्कळ ठिकाणी आढळते, आणि ‘अहो आजोबा’ म्हणणारा विद्यार्थी कुटुंबाचा प्रसंग वठविताना ‘डू’ उच्चारण्यापूर्वी क्षणभर घुटमळतो. तेथे थांबून वर्गाला विचारावे : देवाला काय म्हणता? विठोबाला ‘तू’, आणि जर्मन प्रार्थनेतही ‘डू’च. जवळीक व आदर ह्यांचे माप दोन समाजांनी कोठे सारखे आणि कोठे वेगळे धरले आहे, हे ह्या एका प्रश्नाने जितके उलगडते तितके किल्ल्यांच्या व नाताळच्या बाजारांच्या चित्रांनी उलगडत नाही.

आणि चित्रे लागतीलच, तर ती येथली असण्यास हरकत नाही. पंगतीच्या पानाचे चित्र घ्यावे. ताट, वाटी, तांब्या, चमचा. मराठीत हे सर्व नुसते ‘आहे’ किंवा ‘ठेवले आहे’. जर्मनला तेवढ्याने भागत नाही. चमचा टेबलावर ‘पडलेला’ असतो, पण ताट ‘उभे’ असते. ताटाचा बूड, म्हणजे ज्यावर ते टेकते तो भाग, खाली असला की जर्मन मनाला ते उभे दिसते, उंची कितीही थोडी असो. तांब्याविषयी विद्यार्थी वाद घालीत नाहीत. वाटीवर थोडा वेळ होतो. ताटावर मात्र वर्ग दोन गटांत विभागला जातो, आणि तो वाद जर्मनमध्ये घालावयाचा असल्याने चतुर्थीची वीस-पंचवीस वाक्ये कोणी न सांगता होऊन जातात.